यादीतून निसटलेले नाव

२००८ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. मी त्या वेळी ज्या बँकेच्या संगणक विभागात नोकरीस होतो, तेथे नामनिर्देशन न केलेल्या बचत खातेदारांना पत्रे पाठविण्याची मोहीम हाती घेण्यात आली होती. अशा खातेदारांची शाखावार यादी तयार करून देण्याचे काम माझ्याकडे होते. यादी झाली, पत्रे गेली, शाखाशाखांतून अर्ज येऊ लागले आणि वरिष्ठांनी पाठही थोपटली. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी एका शाखा व्यवस्थापकांचा दूरध्वनी आला. "आमच्या एका दिवंगत खातेदाराच्या पत्नी माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांचा एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. आपणच त्यांच्याशी बोला."

बाईंचा स्वर शांत होता. "साहेब, आमच्या शेजारी तुमच्या बँकेचे पत्र आले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज भरला. आमच्याकडे पत्र आले नाही. आले असते तर ह्यांनी ते काम एक दिवससुद्धा पडू दिले नसते. मग आम्हालाच पत्र का नाही आले?"

"पाहून सांगतो, ताई," एवढेच मी म्हणू शकलो.

पाहिले तेव्हा उलगडा झाला. या गृहस्थांनी खाते उघडताना आपल्या आईचे नाव दिले होते. आईच्या निधनानंतर त्यांनी नियमानुसार डीए-२ हा नमुना भरून ते नामनिर्देशन रद्द केले होते आणि नव्या नामनिर्देशनाचा डीए-१ नमुना भरावयाचा राहून गेला होता. म्हणजे खाते नामनिर्देशनावाचून होते आणि तरीही ते माझ्या यादीत नव्हते. चूक शाखेची नव्हती, टपालखात्याचीही नव्हती. मी लिहिलेल्या पाच ओळींच्या क्वेरीची होती.

नामनिर्देशन नसले म्हणून पैसे बुडतात असे नाही. परंतु वारसांचे दाखले, इतर वारसांची संमतिपत्रे, क्षतिपूर्तीचे बंधपत्र, जामीनदार आणि रक्कम मोठी असल्यास न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र, एवढे सगळे एका नुकत्याच कुंकू पुसलेल्या स्त्रीला गोळा करीत हिंडावे लागते. ज्या यादीमुळे हे टळावयाचे, त्या यादीतच नाव नव्हते. ते का नव्हते, हे सांगण्यासाठी संगणकातील 'जॉइन' नावाच्या क्रियेची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. संगणकशास्त्र न शिकलेल्या वाचकांनी पान उलटू नये. ज्यांनी कधी रोजकीर्द आणि खतावणी पाहिली आहे, त्यांना या विषयाचा अर्धा भाग आधीच ठाऊक आहे.

खाते पान

जमाखर्चाच्या जुन्या वह्यांमध्ये रोजकीर्दीच्या प्रत्येक नोंदीसमोर एक अरुंद रकाना असे. त्याच्या डोक्यावर 'खा. पा.' अशी दोन अक्षरे. खा. पा. म्हणजे खाते पान. रोजच्या नोंदीचा तपशील खतावणीत कोणत्या पानावर नेला, तो आकडा त्यात लिहावयाचा. दोन वह्या वेगळ्या, त्यांचा क्रम वेगळा (एक तारखेनुसार चालते, दुसरी व्यक्तीनुसार), पण त्या अरुंद रकान्यातील एका आकड्यामुळे त्या परस्परांशी बोलू शकतात. संगणकाच्या भाषेत आज ज्याला आपण जोड-अट म्हणतो, तिचे मूळ रूप हेच. या वहीतील हा आकडा आणि त्या वहीतील तो आकडा समान असेल, तर त्या दोन ओळी एकाच व्यवहाराच्या समजाव्यात.

बँकेच्या शाखेतही हेच घडत असे. धनादेश खिडकीवर आला की लिपिक त्यावरील खातेक्रमांक पाही, त्या क्रमांकाचे लेजर काढी, शिल्लक पाही, मग त्याच क्रमांकाचे सहीचे कार्ड काढून सही पडताळी. धनादेश, लेजर आणि कार्ड या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एका क्रमांकाने जुळविणे, ही त्या लिपिकाची दिवसाकाठी दोनशे वेळा करावयाची कामगिरी होती. आणि एखादे वेळी कार्डच सापडले नाही, तर तो मान वर करून शेजाऱ्याला विचारी, "अहो, या खात्याचे कार्ड कुठे आहे?"

संगणक मान वर करीत नाही. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावरच उभी आहे.

माहिती अशा सुट्या तक्त्यांत ठेवावी आणि गरजेप्रमाणे समान मूल्यांच्या आधारे जोडून घ्यावी, ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले कॉड पुढे अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होते. त्यांचा निबंध १९७० च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. गंमत अशी की त्याच्या शीर्षकात 'डेटा बँक्स' असा शब्द आहे. आपल्या बँकांशी त्याचा तेव्हा काहीही संबंध नव्हता. आज तो किती आहे हे सांगावयास नको. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. नावाच्या हक्काच्या अडचणीमुळे पुढे तिचे एसक्यूएल झाले, १९८६ मध्ये तिला अमेरिकन मानकाचा दर्जा मिळाला, आणि तरीही जुने जाणते लोक तिला अजून सीक्वेलच म्हणतात. आपल्या देशातील बँकांची कोअर बँकिंग प्रणाली ज्या माहितीसाठ्यावर उभी आहे, त्याला आजही प्रश्न विचारले जातात ते मुख्यतः याच भाषेत.

पाच खाती

उदाहरणासाठी आपण एक इवलीशी शाखा कल्पू. तिच्यात पाचच खाती आहेत. ११ क्रमांकाचे खाते एका शिक्षिकेचे, शिल्लक ४० हजार. १२ क्रमांकाचे किराणा दुकानदाराचे, ७५ हजार. १३ निवृत्त पोस्टमनचे, २ लाख. १४ रिक्षाचालकाचे, १० हजार. १५ शेतकऱ्याचे, २५ हजार. एकूण ठेव ३ लाख ५० हजार. हा झाला खात्यांचा तक्ता.

नामनिर्देशनाचा तक्ता वेगळा. त्यात तीन ओळी आहेत. खाते ११ : पती, स्थिती 'चालू'. खाते १२ : आई, स्थिती 'रद्द'. खाते १३ : पत्नी, स्थिती 'चालू'. रिक्षाचालक आणि शेतकरी यांनी काहीच नोंदविलेले नाही, तेव्हा त्यांची ओळच नाही.

आता हे दोन तक्ते खातेक्रमांकाने जोडा, असे संगणकास सांगितले. साधा जॉइन, ज्याला इनर जॉइन म्हणतात, तो दोन्हीकडे जोडीदार असलेल्या ओळीच पुढे आणतो. उत्तरात तीन ओळी येतील : ११, १२ आणि १३. रिक्षाचालक व शेतकरी कोठे गेले? ते गळाले. कोणतीही सूचना नाही, लाल अक्षरे नाहीत, घंटा नाही. 'दोन खात्यांना जोडीदार मिळाला नाही' असे संगणक सांगत नाही, कारण तसे सांगावयास आपण त्याला सांगितलेलेच नसते. माझ्या अनुभवात बँकांच्या अहवालांमधील चुकांचे सर्वांत मोठे कुटुंब हेच. आकडा चुकीचा असला तर कोणीतरी ताळा करून तो पकडतो. ओळच नसली तर पकडणार कोणाला?

नामनिर्देशन नसलेल्यांची यादी काढताना इनर जॉइन वापरणे म्हणजे हजेरी घेताना "जे गैरहजर असतील त्यांनी हात वर करावा" असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून तेथे लेफ्ट जॉइन वापरतात. त्याचा अर्थ असा : डावीकडील तक्त्यातील एकही ओळ टाकू नको, उजवीकडे जोडीदार मिळाला तर त्याचा तपशील लाव, न मिळाला तर ती जागा रिकामी सोड. या रिकाम्या जागेस 'नल' म्हणतात. आपल्या शाखेत लेफ्ट जॉइन केला तर पाचही खाती येतील आणि १४ व १५ यांच्यासमोर नल असेल. मग ज्यांच्यासमोर नल आहे तेवढीच निवडावयाची. मी तेव्हा हेच केले होते. ती क्वेरी नागरीत उतरवली तर अशी दिसेल :

सिलेक्ट खाते.क्रमांक
फ्रॉम खाते
लेफ्ट जॉइन नामनिर्देशन
ऑन नामनिर्देशन.खातेक्रमांक = खाते.क्रमांक
व्हेअर नामनिर्देशन.खातेक्रमांक इज नल

उत्तर येते : १४ आणि १५. बारा क्रमांकाचा दुकानदार मात्र येत नाही. त्याची ओळ तक्त्यात आहे. ती 'रद्द' असली तरी आहे. जोड-अटीने फक्त क्रमांक जुळतो का एवढेच पाहिले. क्रमांक जुळला, जोडीदार मिळाला, जागा रिकामी राहिली नाही. त्या बाईंच्या यजमानांचे नेमके असेच झाले होते. 'नोंद आहे का' हा प्रश्न मी विचारला होता. विचारावयाचा प्रश्न 'चालू नोंद आहे का' हा होता.

चूक कळली तेव्हा ती दुरुस्त करणे सोपे वाटले. शेवटच्या ओळीत आणखी एक अट जोडली, की स्थिती 'चालू' असावी. कळ दाबली आणि पडद्यावर उत्तर आले : शून्य ओळी. सबंध बँकेत नामनिर्देशन नसलेला एकही खातेदार नाही! माझ्याशेजारी आमच्या विभागातील एक तरुण अधिकारी चहाचा पेला हातात घेऊन उभा होता. त्याने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, ती अट व्हेअरमध्ये नको. ऑनमध्ये न्या."

हे ऑन आणि व्हेअर प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. ऑन ही जोडण्याची अट. कोणती ओळ कोणाची जोडीदार मानावयाची हे ती ठरविते. व्हेअर ही गाळण्याची अट. जोडाजोड पूर्ण झाल्यावर जो तक्ता तयार होतो, त्यातील कोणत्या ओळी ठेवावयाच्या हे ती ठरविते. इनर जॉइनमध्ये अट इकडे लिहिली काय किंवा तिकडे लिहिली काय, उत्तर तेच येते, आणि म्हणूनच पुष्कळांची अशी समजूत होते की दोन्ही एकच. लेफ्ट जॉइनमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्थिती 'चालू' असावी ही अट मी व्हेअरमध्ये लिहिली, तेव्हा रिक्षाचालकासमोरील स्थितीचा रकाना रिकामा होता. रिकामे म्हणजे 'चालू' नव्हे, म्हणून तो गळाला. शेतकरी गळाला. दुकानदाराची स्थिती 'रद्द', तोही गळाला. उरले शिक्षिका आणि पोस्टमन. पण त्यांच्यासमोर नल नाही, म्हणून दुसऱ्या अटीने तेही गेले. एका अटीने लेफ्ट जॉइन करून सर्वांना आत घ्यावयाचे आणि दुसऱ्या अटीने त्यांनाच दाराबाहेर काढावयाचे, असा तो प्रकार होता.

तीच अट ऑनमध्ये नेली की जोडीदाराची व्याख्याच बदलते : खातेक्रमांक समान हवा आणि स्थितीही 'चालू' हवी. आता दुकानदाराच्या आईची रद्द नोंद जोडीदार म्हणून पात्र ठरत नाही. दुकानदार स्वतः तर लेफ्ट जॉइनमुळे यादीत राहतोच. फक्त त्याच्यासमोरील जागा रिकामी होते. मग 'नल असलेले निवडा' म्हटले की १२, १४ आणि १५ अशी तिन्ही खाती हाती लागतात. अट तीच, शब्दही तेच, जागा तेवढी बदलली.

मी का चुकलो याचे एक कारण माझ्या शिक्षणात आहे. जॉइन आणि ऑन हे शब्द मानकात आले ते १९९२ साली. त्यापूर्वी तक्त्यांची नावे स्वल्पविराम देऊन ओळीने लिहीत आणि सर्व अटी, जोडण्याच्या आणि गाळण्याच्याही, व्हेअरमध्ये एकत्र ओतीत. ओरॅकलमध्ये लेफ्ट जॉइनसाठी कंसात अधिक चिन्ह काढावे लागे. आमची पिढी त्या रीतीत वाढली. त्या रीतीचा आणखी एक धोका असा की जोड-अट लिहावयाची विसरली तरी संगणक कुरकुर करीत नसे. तो पहिल्या तक्त्यातील प्रत्येक ओळ दुसऱ्यातील प्रत्येक ओळीशी जोडीत बसे. दोन लाख ग्राहक आणि तीन लाख खाती यांचा असा गुणाकार केला तर सहा हजार कोटी ओळी होतात. एखाद्या दुपारी सगळ्या शाखांचे काम अचानक मंदावले की, आमच्या विभागात पहिली शंका हीच घेतली जात असे.

एकाचे चार

बँक ठेवींवर नामनिर्देशनाची सोय १९८५ च्या नियमांनी आली आणि एका ठेवीस एकच नामनिर्देशित व्यक्ती अशी ती चाळीस वर्षे चालली. त्यामुळे खाते आणि चालू नामनिर्देशन यांचे नाते एकास एक असे होते आणि असंख्य अहवाल त्या गृहीतावर लिहिले गेले. १ नोव्हेंबर २०२५ पासून मात्र ठेव खात्यास चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीत द्यावयाचा आणि बेरीज शंभर भरली पाहिजे. किंवा एकानंतर दुसरा अशी क्रमवारी द्यावयाची. लॉकरसाठी मात्र क्रमवारीचीच मुभा आहे. मुलगा आणि मुलगी या दोघांपैकी कोणाचे नाव लिहावे या पेचात सापडलेल्या अनेक आईवडिलांना या बदलाने हायसे वाटले असेल.

जॉइन लिहिणाऱ्याला मात्र येथे सावध राहावे लागते. आपल्या शाखेतील पोस्टमनने पत्नीबरोबर मुलीचेही नाव नोंदविले, प्रत्येकी ५० टक्के. आता लेफ्ट जॉइन केला की १३ क्रमांकाचे खाते दोनदा येते, एकदा पत्नीबरोबर आणि एकदा मुलीबरोबर. ओळी पाचाच्या सहा होतात. या सहा ओळींवरील शिल्लक रकमांची बेरीज केली तर ती भरते ५ लाख ५० हजार. शाखेतील ठेव प्रत्यक्षात ३ लाख ५० हजारच आहे. पोस्टमनचे दोन लाख दोनदा मोजले गेले. संगणकाने काहीही चुकीचे केलेले नाही. अट पूर्ण करणाऱ्या जितक्या जोड्या होत्या, तितक्या त्याने दिल्या. अशा वेळी आधी नामनिर्देशनाचा तक्ता खातेनिहाय एकेका ओळीत आवळून घ्यावा आणि मगच जोडावा, किंवा 'अशी नोंद अस्तित्वात आहे का' एवढेच विचारणारा 'एक्झिस्ट्स' वापरावा. आधी इनर जॉइनमुळे माणसे गळाली होती, येथे ती वाढली. दोन्हीचे कारण एकच. जोड-अट लिहिताना 'एका ओळीस समोर किती ओळी मिळू शकतात' हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

रिकाम्या जागांचे नाते

नलविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच्याइतका गैरसमजाचा धनी दुसरा कोणी नाही. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी अक्षरेही नव्हेत. नल म्हणजे 'माहीत नाही'. दोन ग्राहकांचे पॅन माहीत नसतील, तर त्या दोघांचे पॅन समान आहेत असे म्हणता येईल काय? येणार नाही. नाही असेही ठामपणे म्हणता येणार नाही. म्हणून एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल या अटीचे उत्तर 'होय'ही नाही आणि 'नाही'ही नाही. ते 'अज्ञात' असते, आणि ज्या जोडीचे उत्तर अज्ञात ती जोडली जात नाही. हा मला फार शहाणपणाचा नियम वाटतो.

माणसे मात्र रिकामी जागा सहन करीत नाहीत. रकाना भरल्याशिवाय पडदा पुढे जात नसेल, तर भ्रमणध्वनी क्रमांकाच्या जागी दहा नऊ टंकले जातात. उद्गम करकपातीच्या विवरणपत्रात ज्यांचा पॅन उपलब्ध नाही त्यांच्यासाठी 'पॅननॉटएव्हीबीएल' अशी इंग्रजीतील दहा अक्षरे लिहावयाची पद्धत पडली. विवरणपत्रापुरते ते ठीक. पण तोच शब्द ग्राहकांच्या तक्त्यात शिरला, तर तो संगणकाच्या लेखी 'माहीत नाही' राहत नाही. तो एक पॅन होतो, आणि तो ज्यांच्या ज्यांच्यासमोर लिहिला आहे ती सर्व माणसे एकच व्यक्ती ठरतात. कोअर बँकिंग असलेल्या बँकांनी ठेवीवरील व्याजाची करकपात शाखानिहाय न पाहता संपूर्ण बँकेतील व्याज एकत्र करून पाहावी, असा बदल २०१५ साली झाला. तेव्हापासून एका माणसाच्या ठेवी देशभरातील शाखांमधून जुळविणे हे नित्याचे काम झाले आहे. जुळविण्यासाठी निवडलेल्या रकान्यात असा एखादा भरावाचा शब्द असेल, तर परस्परांना कधीही न भेटलेल्या शेकडो ठेवीदारांचे व्याज एकाच्या नावावर गोळा होऊ शकते.

मग नावानेच का जुळवू नये, असे कोणी विचारील. आपल्या देशात ते अशक्यप्राय आहे. महाराष्ट्रात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते, लग्नानंतर काहींचे नाव बदलते आणि काहींचे बदलत नाही. एकाच देशपांड्यांचे इंग्रजी स्पेलिंग पासबुकावर एक आणि पॅनकार्डावर दुसरे असते. समानतेची अट अक्षराक्षराने पाहते; एखादे बिंदुचिन्ह किंवा मोकळी जागा जास्त असली तरी तिच्या लेखी माणूस वेगळा. म्हणूनच दहा वर्षे हालचाल नसलेल्या ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सुरू केलेल्या 'उद्गम' या संकेतस्थळावर नावाबरोबर पॅन, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी द्यावे लागते.

क्रमांकही पूर्णपणे निर्धोक असतो असे नाही. काही बँकांचे खातेक्रमांक शून्याने सुरू होतात. तो क्रमांक एका तक्त्यात अक्षरमालिका म्हणून ठेवलेला असला आणि दुसरी यादी एक्सेलमधून आलेली असली, तर एक्सेल त्याला संख्या समजून पुढची शून्ये खाऊन टाकते, आणि मग एकही जोड जुळत नाही. ही चूक निदान दिसते तरी. त्याहून वाईट प्रकार सोळा अंकी क्रमांकांचा. एक्सेल संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवते, सोळाव्याचे शून्य करते. शेवटी मुळातच शून्य असलेले क्रमांक बरोबर जुळतात, बाकीचे बहुतेक गळतात, आणि एखादा अगदी दुसऱ्याच माणसाच्या खात्याशी जाऊन जुळतो. शाखांमधून याद्या पाठविणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती असे की खातेक्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच त्यात क्रमांक उतरवा.

ग्राहकांनाही जोड-अट लिहावी लागते, जरी ते तिला या नावाने ओळखत नसले. एनईएफटीचा अर्ज भरताना आपण लाभार्थ्याचे नाव लिहितो आणि खातेक्रमांकही लिहितो. रिझर्व्ह बँकेने २०१० सालच्या परिपत्रकाने बँकांना केवळ खातेक्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्याची मुभा दिली. म्हणजे आपण मोठ्या काळजीने लिहिलेले नाव जोड-अटीत नव्हतेच. एक अंक चुकला आणि तसे खाते अस्तित्वात असले, तर पैसे तिकडे जात. पंधरा वर्षांनी, २०२५ पासून, आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी पैसे पाठविण्यापूर्वी त्या क्रमांकाच्या खातेदाराचे नाव पाहून घेण्याची सोय झाली आहे. पडद्यावर ते नाव दिसते तेव्हा घाईने पुढची कळ दाबू नये. संगणकाने क्रमांक जुळविलेला असतो. नाव जुळविण्याचे काम त्या क्षणी आपल्याकडे असते.

२००८ च्या त्या यादीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. क्वेरी दुरुस्त केल्यावर आधीच्या यादीत नसलेली कित्येक नावे वर आली. रद्द केलेली जुनी नोंद हेच बहुतेकांचे कारण होते. त्या सर्वांना पत्रे गेली. त्या बाईंना मी स्वतः दूरध्वनी करून चूक कोणाची होती ते सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेत. मला वाटत होते, ह्यांनीच पत्र कुठे तरी ठेवले आणि सांगायचे विसरले." कागदपत्रांची पूर्तता होऊन त्यांच्या हाती रक्कम पडेपर्यंत आणखी चार महिने गेले.

दुसऱ्या फेरीची पत्रे गेल्यानंतर आठवड्याभरात एक वयस्कर खातेदार तणतणत शाखेत आले. त्यांनी १९८९ साली नामनिर्देशन केले होते आणि बँकेच्या शिक्क्याची पोच त्यांनी जपून ठेवली होती. ती पोच खरी होती. शाखेतील जुने रजिस्टर काढले, त्यात त्यांची नोंदही निघाली; शाखेचे संगणकीकरण झाले तेव्हा ते रजिस्टर तक्त्यात उतरविलेच गेले नव्हते. त्यांच्यासमोर माझ्या यादीत जे नल होते, त्याचा अर्थ 'केले नाही' असा मी घेतला होता. 'येथे माहीत नाही' एवढाच त्याचा अर्थ होता. पुढील तीन शनिवारी शाखेतील दोघे लिपिक आणि मी ते रजिस्टर घेऊन बसलो. पहिली ओळ त्या गृहस्थांची घातली, आणि त्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर 'नामनिर्देशन नोंदविले' असे छापून दिले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि १९८९ ची पोच पुन्हा घडी घालून खिशात ठेवली.